सांध्यातली रेघ

ते माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात सिमेंटचं रिकामं पोतं होतं आणि पोत्यात काळ्या प्लास्टिकच्या जाळीची गुंडाळी. नागपुरात रामदासपेठेत एका दवाखान्याच्या वर माझं ऑफिस आहे. लोकांनी लावलेल्या शोधांचे पेटंटचे अर्ज लिहिणं हा माझा धंदा. दवाखान्याचे आणि माझे लोक एकाच जिन्यानं येतात, त्यामुळे दारात उभ्या असलेल्या त्या साठीच्या माणसाला मी आधी 'डॉक्टर खाली बसतात' असंच सांगितलं.

"मले काही झालं नाही, मॅडम," ते म्हणाले. "मले हे दाखवायचं होतं."

आयटीआयमध्ये शिकवून ते निवृत्त झाले होते आणि मौद्याच्या पलीकडच्या आपल्या गावी राहायला गेले होते. तिथल्या काळ्या मातीचा त्यांना छंदच लागला होता. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर केलेला रस्ता दोन वर्षांत फाटतो. त्यावर उपाय म्हणून मातीच्या थरात पुरायची जाळी त्यांनी तयार केली होती. प्लास्टिकच्या उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या पट्ट्या, आणि जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे उष्णतेनं सांधलेल्या. अशा जाळ्या बाजारात होत्या, पण त्यांचे सांधे उकलत. यांचे उकलत नसत. गोठ्याच्या अर्ध्या भागात स्वतः बनवलेलं यंत्र बसवून, मोठ्या भावाला हाताशी घेऊन, ते ही जाळी काढत.

मी त्यांना समजावलं की पेटंटच्या अर्जात शोधाचं वर्णन असतं आणि शेवटी क्रमांक घातलेली काही वाक्यं असतात, त्यांना क्लेम म्हणतात. वर्णन कितीही लांब असलं तरी तुमचा हक्क कुठवर पोचतो ते क्लेम ठरवतो.

"म्हणजे धुरा," ते म्हणाले. "शेताचा असते तसा."

धुरा म्हणजे शेताचा बांध. इतक्या कमी शब्दांत मला ते कधीच सांगता आलं नव्हतं. पुढचे दोन-तीन तास ते बोलत होते, मध्येच उठून जाळी ताणून, वाकवून दाखवत होते, आणि मी भराभर लिहून घेत होते. सांध्याबद्दल बोलताना त्यांच्या तोंडी एकच शब्द पुन्हा पुन्हा यायचा. एकजीव. "दोन पट्ट्या चिकटल्या नाही पाहिजे, मॅडम. चिकटणं वेगळं. एकजीव झाल्या पाहिजे."

अर्ज गेला. दोनेक वर्षांनी पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाचा आक्षेप आला. डिंकासारख्या पदार्थानं पट्ट्या चिकटवलेली जाळी पूर्वीच कुणीतरी नोंदवलेली आहे, तुमची तिच्यापेक्षा वेगळी कशी, असं त्यात विचारलं होतं. उत्तराची मुदत जवळ आली होती. मी त्यांच्या मोबाइलवर फोन लावला.

"हो, बोलतो," पलीकडून आवाज आला.

मी आक्षेप वाचून दाखवला. क्लेममध्ये फरक स्पष्ट करावा लागेल, असं मी म्हणाले. काय लिहू? पलीकडे बराच वेळ शांतता होती. इतकी की फोन बंद पडला असं मला वाटलं. खेड्यातल्या घरात फोन केला की मागून काही ना काही ऐकू येतं, भांडी, कोंबड्या, कुणाची तरी हाक. त्या दिवशी काहीच नव्हतं.

मग ते म्हणाले, "सीमा राहत नाही. एकजीव होते. तसंच लिहा."

आणखीही एक-दोन वाक्यं झाली. बोलणं झालं की डायरीत टिपायची माझी सवय आहे, त्याप्रमाणे टिपलं. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या क्लेममध्ये भर घातली. सांध्याच्या जागी दोन पट्ट्यांमधली सीमा उरत नाही अशा रीतीने एकजीव झालेल्या, असा तिचा मराठीत अर्थ होईल. उत्तर पाठवलं. त्यानंतर महिन्याभरानं त्यांच्या पत्नीचं पत्र आलं, सोबत मृत्यूचा दाखला. हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले होते. मला वाईट वाटलं. आत्ताच तर बोलणं झालं होतं, असं मनात आलं. अर्ज पत्नीच्या नावे करण्याचे कागद मी तयार केले, आधीचा सगळा पत्रव्यवहार मान्य असल्याचं त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि पुढे पेटंट मिळालं. दाखल्यावरची तारीख मी स्वतःच्या हातानं अर्जात उतरवली असणार. ती मी वाचली मात्र नव्हती.

काही वर्षं गेली. बाहेरच्या एका कंपनीनं तशीच जाळी मोठ्या प्रमाणावर विकायला सुरुवात केली. त्यांच्या सांध्याची रीत थोडी वेगळी होती. उष्णता देण्याऐवजी ते पट्ट्या वेगानं एकमेकींवर थरथरवत, त्या घर्षणानं प्लास्टिक वितळे आणि जुळे. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, खटला भरला. खालच्या न्यायालयात कंपनीनं आपला सांधा कापून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. त्यात दोन पट्ट्यांच्या मधोमध एक बारीक रेघ होती, केसाहून किती तरी बारीक. क्लेम म्हणतो सीमा उरत नाही, इथे सीमा आहे, म्हणून आमची जाळी क्लेमच्या बाहेर. एवढाच त्यांचा मुद्दा, आणि न्यायालयानं तो मानला. वर, परीक्षकाला पाठवलेलं माझंच उत्तर त्यांनी पुरावा म्हणून जोडलं होतं. सीमा उरत नाही हे तुम्ही स्वतः लिहिलंत, मग आता मागे कसे जाता?

ते उत्तर मी निकालपत्रात छापलेलं पाहिलं. तो धुरा मीच आत सरकवला होता.

अपील दाखल झालं. ते चालवणारे वकीलसाहेब वयानं सत्तरीचे, फार कमी बोलणारे. त्यांनी मला जुन्या फायली काढायला सांगितल्या. एप्रिलमधली दुपार होती. कूलरचा आवाज सोडला तर ऑफिसात कुणी नव्हतं. त्या वर्षीची डायरी मी उघडली आणि फोनची नोंद शोधून काढली. अक्षर माझंच होतं. 'गावी फोन. सीमा राहत नाही, एकजीव, तसंच लिहा. पान पाच पाहा. उजेडात.'

शेवटच्या दोन तुकड्यांचा मला काही अर्थ लागेना. पान पाच मी पाहिलं होतं की नव्हतं, तेही आठवेना. अर्जाची प्रत काढावी म्हणून फाइल उघडली, तर सगळ्यात वर मृत्यूचा दाखला होता. त्यावरची तारीख पाहिली. पुन्हा डायरीतली पाहिली. बोटांवर दिवस मोजले. दोनदा मोजले.

मी फोन केला होता तो त्यांच्या तेरवीच्या आदल्या दिवशी.

मी उठून कूलर बंद केला. का ते सांगता येणार नाही, मागून काही आवाज आला तर तो ऐकू यावा, असं काहीतरी मनात असेल. काहीच आला नाही. मी बसून राहिले. तो आवाज मला नीट आठवत होता. खोल, थोडा घोगरा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. तो दुसऱ्या कुणाचा असेल अशी शंकासुद्धा त्या वेळी आली नव्हती.

मग मी पान पाच काढलं. वर्णनाचा तो भाग मीच लिहिला होता आणि साफ विसरले होते. वरून तिसऱ्या परिच्छेदात होतं: तयार झालेला सांधा दिवसाच्या उजेडात डोळ्यांसमोर धरून तपासावा, दोन पट्ट्यांमध्ये रेघ दिसली तर तो सांधा टाकून द्यावा.

 अपिलात आम्हाला जे हवं होतं ते नेमकं हेच होतं. सीमा म्हणजे काय आणि ती कशानं पाहायची, हे अर्जच सांगत होता. डोळ्यानं, उजेडात. सूक्ष्मदर्शकाचं नावही कुठे नव्हतं. खटल्यात ही ओळ कुणीच दाखवली नव्हती, मीसुद्धा.

संध्याकाळी मी दोन्ही गोष्टी वकीलसाहेबांपुढे ठेवल्या. त्यांनी पान पाच दोनदा वाचलं. डायरी वाचली, दाखला पाहिला, चष्मा काढला.

"फोन कोणी घेतला?" त्यांनी विचारलं.

"मला वाटलं त्यांनीच."

त्यांनी दाखला परत फाइलमध्ये ठेवला. "शोध लावणाऱ्याच्या मनात काय होतं ते न्यायालय विचारत नाही," ते म्हणाले. "कागदावर काय आहे ते विचारतं. पान पाच कागदावर आहे, तेवढं आपल्याला पुरे. ही डायरी दाखल करायची नाही." मी ती पर्समध्ये ठेवत असताना ते म्हणाले, "आणि फाडायचीही नाही."

नमुने आणायला आणि काकूंची सही घ्यायला मला गावी जायचंच होतं. सकाळी निघाले तरी पोचेपर्यंत बारा वाजून गेले. दूर वीज केंद्राच्या चिमण्या उन्हात पांढऱ्या पडल्या होत्या. धूर निघत होता की नुसतं ऊन हलत होतं, कळत नव्हतं. गावात रस्त्यावर एक माणूस नाही. कुत्रीसुद्धा कुठेतरी सावलीला गेली होती. काकू ओसरीवर वाट पाहत होत्या. त्यांनी पाणी दिलं. बारीक अंगाची, शांत बाई. मी कागद काढतच होते तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

"कोण आलं वं?"

माझ्या हातातला पेन तसाच राहिला. तोच आवाज होता. खोल, घोगरा, शेवटी खाली उतरणारा.

"नागपूरच्या मॅडम," काकू म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "जेठजी आहेत आमचे."

पडद्यामागून मोठे भाऊ बाहेर आले. पंचाहत्तरीचे असतील, हातात काठी. चेहरा धाकट्या भावासारखा अजिबात नव्हता. त्यामुळे तोंड एकाचं आणि बोलणं दुसऱ्याचं असं काहीतरी समोर उभं आहे असं वाटलं आणि मी नजर वळवली. पण आता न विचारता परत जाणं मला शक्य नव्हतं. मी डायरी काढली, ती नोंद वाचून दाखवली आणि तारीख सांगितली.

भाऊ खाटेवर बसले. काठी गुडघ्यांत धरली.

"मीच उचलला होता," ते म्हणाले. "त्याचा फोन माह्याजवळच राहत होता तेव्हा. वाजला का मी उचलो. पहिल्या दिवशी कोनीतरी त्याचं नाव घेऊन इचारलं, तर मले सांगताच नाही आलं का तो गेला म्हणून. जीभच वळे ना. म्हनलं, हो, बोलतो. मग तसंच होत गेलं. महिनाभर मी तोच होतो, मॅडम. बीवाल्यासोबत बोललो, यंत्राच्या मेकॅनिकसोबत बोललो. आवाज आमचा लहानपणापासून एकच. आमची मायसुद्धा फसे."

 मी काकूंकडे पाहिलं. हे त्यांना माहीत नसेल आणि मी भलत्या वेळी उघडं केलं असं वाटून मला लाज वाटली.

"मले माहीत होतं," काकू म्हणाल्या. त्या भावांकडे न पाहता बोलत होत्या. "मी आतून ऐकत राहो. मना नाही केलं. घरात आवाज होता ना."

भावांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे त्या दोघांमध्ये कधी बोललं गेलं नव्हतं, हे मला त्या पाहण्यावरून कळलं. 

"सीमा राहत नाही, हे तुम्हीच सांगितलंत?" मी विचारलं.

"हाव. तो रोज तेच बोले. सांधे मीच तर तपासत होतो."

"आणि पान पाच?"

"कोणतं पान?"

"पान पाच पाहा, उजेडात, असं मी लिहिलंय."

त्यांनी डायरी हातात घेतली, डोळ्यांपासून लांब धरली आणि परत दिली. "मले इंग्रजी येत नाही, मॅडम. तुमचा कागद मी कधी पाह्यलाच नाही. पानाचं मी काहून बोलीन?"

"मग मीच लिहिलं असेल," मी म्हणाले. "बोलता बोलता."

"असन," ते म्हणाले. त्यांचाही विश्वास बसलेला दिसला नाही.

सही झाली. नमुन्यासाठी भाऊ मला गावामागच्या पांदण रस्त्यावर, शेतांमधून जाणाऱ्या मातीच्या वाटेवर, घेऊन गेले. यंत्रातून निघालेली अगदी पहिली जाळी दोघा भावांनी तिथे स्वतः पुरली होती. आजूबाजूच्या शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, तो रस्ता मात्र सलग होता. एका कडेला माती ढासळून जाळीचं टोक बाहेर आलं होतं. मी बरोबर आणलेल्या कात्रीनं वीतभर तुकडा कापला. उरलेलं टोक भावांनी हातात घेतलं आणि मला म्हणाले, "तिकडे पाहा," आणि जोर लावून ओढलं.

माझ्यापासून पाच-सहा हात पुढे रस्त्याची धूळ हलली. अगदी थोडी. खाली झोपलेल्या कुणी अंगावरचं पांघरूण ओढून घ्यावं तशी. मग एक बारीक आवाज आला, माती दाताखाली येते तसा, आणि ती जाळी भावांच्या हातातून आत ओढली गेली. इतक्या वर्षांनी तिच्यात ताण होता, एवढंच त्याचं कारण. सांधे धरून होते. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी रस्त्यावरून उतरून बाजूच्या वावरात उभी राहिले.

भावांनी पुन्हा वाकून टोक शोधायला सुरुवात केली.

"ओढू नका," मागून काकू म्हणाल्या. त्या कधी आल्या ते कळलं नव्हतं. डोक्यावर पदर, भर उन्हात अनवाणी. "राहू द्या त्यांले."

त्यांले म्हणजे कोणाला, हे मी विचारलं नाही. आम्ही परत आलो. त्यांनी जेवायला थांबवलं, मी जेवलेही, पण काय वाढलं होतं ते आज आठवत नाही.

अपिलाची सुनावणी दोन न्यायाधीशांपुढे झाली. कंपनीच्या वकिलानं सूक्ष्मदर्शकाखालची मोठी केलेली छायाचित्रं लावली. ती रेघ त्यात नदीएवढी दिसत होती. आमचे वकीलसाहेब उठले आणि त्यांनी एकच प्रश्न मांडला, क्लेम कुणाच्या डोळ्यांनी वाचायचा? जो माणूस ही जाळी बनवतो त्याच्या. त्याच्यापाशी यंत्र आहे, उजेड आहे आणि डोळे आहेत. त्यानं काय पाहायचं ते अर्जात लिहिलेलं आहे, पान पाच. परीक्षकाला उत्तर देताना आम्ही डिंकानं चिकटवलेल्या जाळ्यांवरचा हक्क सोडून दिला. वितळून जुळलेल्यांवरचा सोडला नाही.

ज्येष्ठ न्यायाधीशांनी दोन्ही जाळ्यांचे नमुने मागितले. कंपनीचाही एका रस्त्यातून काढलेला, मातकटच होता. खुर्ची थोडी वळवून त्यांनी आधी कंपनीचा सांधा खिडकीच्या दिशेनं धरला, मग पांदण रस्त्यातला. दालनात पंख्याचा तेवढा आवाज. त्यांनी दोन्ही नमुने शेजारच्या न्यायाधीशांकडे दिले आणि विचारलं, "यातला कंपनीचा कुठला होता?"

शेजारच्यांनी दोन्ही उलटसुलट करून पाहिले. शेवटी चिठ्ठी वाचून सांगावं लागलं.

मी मागच्या बाकावर बसले होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण पांदण रस्त्यातल्या तुकड्याला अजून काळी माती लागलेली होती, ती न्यायाधीशांच्या बोटांना लागली, त्यांनी ती रुमालाला पुसली. ज्याला हात लावायचा नव्हता ते आम्ही उकरून इथे आणलं, असं वाटत राहिलं.

काही आठवड्यांनी निकाल आला. सीमा या शब्दाचा अर्थ वर्णनाला धरून लावायचा, उजेडात नुसत्या डोळ्याला दिसणारी रेघ ती सीमा, आणि त्या अर्थानं कंपनीची जाळी पहिल्या क्लेमच्या आत येते, असं न्यायालयानं म्हटलं. बाकीचे मुद्दे खालच्या न्यायालयाकडे परत गेले. ते चालू असतानाच कंपनीनं समझोता करून काकूंची रीतसर परवानगी घेतली. माझ्या हातून झालेली चूक माझ्याच हातानं लिहिलेल्या ओळीनं सावरली, असं वकीलसाहेब म्हणाले. मी मान हलवली. ती ओळ मी लिहिली होती हे खरंच आहे. ती पाहा असं मला कुणी सांगितलं, एवढंच मला आजही माहीत नाही, आणि त्याबद्दल मी दोघा-तिघांखेरीज कुणाशी बोलले नाही.

पुढच्या वर्षी काकूंनी नवा अर्ज करायचं ठरवलं. जाळीच्या कडांचं काहीतरी त्यांना आणि जेठजींना सुचलं होतं. त्या एकट्या बसनं आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, क्लेम मराठीत सांगा, एकेक शब्द. मी सांगत गेले. प्रत्येक ठिकाणी त्या थांबवायच्या. हा शब्द काहून? हा नसला तर काय होते? दुपारी सुरू केलेलं काम दिवे लागेपर्यंत चाललं. तिसऱ्या क्लेममधल्या एका शब्दापाशी आम्ही अर्धा तास अडलो; त्यानं धुरा आत सरकतो, असं त्यांचं म्हणणं. मी माझी कारणं सांगितली, तीन वेगवेगळ्या प्रकारांनी सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली.

"नाही," त्या म्हणाल्या. "हा काढा."

मी तो काढला.